पालकांचा ग्रुप गप्प का पडतो आणि त्याला बोलतं कसं करायचं

चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमनी विचारलंय, थोडक्यात असं: पहिली-दुसरी माझ्याकडे, अंगणवाडी त्याच आवारात, सेविकाताई आणि मी मिळून पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला, सुरवातीला बरा चालला, आता मी काही टाकलं की दोन-चार अंगठे येतात, बाकी दिवसभर सुप्रभात आणि फॉरवर्ड. त्यात मागच्या महिन्यात एका फोटोवरून दोन आया भांडल्या, हेडसर म्हणतात बंद करून टाका. तर दुसरं एखादं ॲप घेऊ, का खरंच बंद करू?

ताई, ॲप बदलू नका आणि ग्रुप बंदही करू नका. नवीन ॲपमध्ये हेच पालक, हेच फोन आणि हेच मेसेज असणार, फक्त पासवर्ड विसरण्याचा एक त्रास वाढेल. तुमचा प्रश्न ग्रुप ॲक्टिव्ह कसा करायचा असा वाटतोय, पण मला त्यामागे दुसरा प्रश्न दिसतो, तो म्हणजे या ग्रुपवर आईबापांनी नेमकं बोलायचं काय? तुमच्या मेसेजची कल्पना करते: उद्या आधार कार्डाची झेरॉक्स पाठवा, शनिवारी सकाळची शाळा, लसीकरण आहे, हा स्वाध्याय करून घ्या. याला कोणी काय उत्तर देणार? अंगठाच देणार. तो अंगठा म्हणजे दुर्लक्ष नाही, "वाचलं मॅडम" एवढंच म्हणायची जागा तुम्ही ठेवलीय आणि त्यांनी ते म्हटलंय.

ही सवय कुठून लागली तेही सांगते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि रातोरात गावोगावी पालकांचे ग्रुप निघाले. तेव्हा शाळेने पीडीएफ आणि व्हिडिओ टाकायचे आणि पालकांनी वहीचा फोटो पुरावा म्हणून परत टाकायचा असं चाललं. शाळा उघडल्या पण ग्रुपचा स्वभाव तोच राहिला, आपण सांगणारे आणि ते करून दाखवणारे. चौथी-पाचवीच्या पोरांचं त्यात भागतंही, पण तीन ते आठ वर्षांच्या लेकरांचं नाही भागत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हाच तीन ते आठचा काळ एक सलग टप्पा धरलाय, अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून, आणि या वयाचं मूल सगळ्यात जास्त शिकतं ते घरात, बोलण्यातून, हात लावून, आईच्या मागेमागे फिरून. म्हणजे तुम्हाला न दिसणारी माहिती त्या आईकडे आहे, आणि तिला न दिसणारं तुमच्याकडे. ही देवाणघेवाण होत नसेल तर ग्रुप हा नुसता नोटीस बोर्ड आहे. (सेविकाताईंना तुम्ही बरोबर घेतलंय हे फार चांगलं, अनेक शाळा अंगणवाडी वेगळं खातं म्हणून बाजूला ठेवतात आणि मग पहिलीत आलेल्या मुलाची ओळख पुन्हा शून्यापासून करून घेतात.)

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी बोलते, कारण माझं सगळं तुमच्या गावाला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. मी शहादा-धडगावकडेही काम केलंय आणि अमळनेर-पारोळ्याकडेही, आणि जळगाव शहरातल्या खाजगी शाळांच्या बालवर्गांसोबतही. शहरात अडचण उलटी असते, तिथे पालक एवढं लिहितात की शिक्षिकेला रात्री अकराला उत्तर द्यावं लागतं, आणि माझ्या मुलीला ए पर्यंत येतं तुमच्या मुलाला झेड पर्यंत कसं, अशी चढाओढ लागते. तिथे ग्रुपला आवर घालावा लागतो. सातपुड्यात वरच्या पाड्यांवर रेंज टेकडीवर गेल्याशिवाय येत नाही, तिथे ग्रुप हा दुय्यम, सेविकेचे पाय मुख्य. तुमचं चोपडा म्हणजे मधलं, केळी-कापसाचा भाग, फोन बऱ्याच घरात आहे पण तो कोणाच्या हातात आहे हा प्रश्न आहे, आणि पायथ्याकडचं गाव असेल तर पावरा, भिल, तडवी वस्तीही असणार, त्यामुळे भाषाही दोन-तीन असणार.

फोनपासूनच सुरू करा. एक कागद घ्या आणि प्रत्येक मुलापुढे लिहा की ग्रुपमध्ये असलेला नंबर कोणाचा आहे, तो माणूस दिवसा कुठे असतो, फोन घरी किती वाजता येतो, आणि घरात वाचणारं कोण आहे. बहुतेक ठिकाणी हे केलं की चित्र साफ होतं. नंबर बापाचा असतो, बाप केळीच्या गाडीवर किंवा शेतात, मेसेज सकाळी दहाला येतो, रात्री तो घरी येईपर्यंत वर पन्नास फॉरवर्ड चढलेले असतात, आणि लेकराला ज्या आईने सांभाळलंय तिच्यापर्यंत निरोप पोचतच नाही. काही घरांत रिचार्ज संपलेला असतो, काही घरांत साधा बटनाचा फोन असतो. हे कळल्यावर आपण "पालक उदासीन आहेत" हे वाक्य बोलायचंच थांबतो. माझा नियम असा झालाय की महत्त्वाचा मेसेज संध्याकाळी जेवणं झाल्यावर, आठ-साडेआठला, आणि दिवसाला एकच. कापूस वेचणीच्या दिवसात तर आठवड्याला दोनच. ज्या घरी स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी शेजारचं एक घर ठरवून ठेवायचं, त्या घरच्या बाईने ऐकवायचं, आणि तिला तसं तोंडावर विचारून ठेवायचं, नुसतं गृहीत नाही धरायचं.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, ओळख आधी पाहिजे आणि ग्रुप नंतर. ज्या आईशी तुम्ही तिच्या ओट्यावर बसून कधी बोलला नाहीत ती ग्रुपमध्ये बोलणार नाही, तिला वाटतं आपलं बोलणं चुकेल, चाळीस लोकं ऐकतील, सासरे ऐकतील. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी पाड्यांवर काम केलं, तिथली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्या बालवाडीच पाड्यावर घेऊन गेल्या, लोकांच्या अंगणात. आज फोन आलाय म्हणून ते अंगणात जाणं सुटत नाही. मी शिक्षकांना सांगते की महिन्यातून प्रत्येक घराला एक तरी असा निरोप जाऊ द्या ज्यात फक्त त्यांच्याच मुलाबद्दल काहीतरी असेल, आणि तो तक्रारीचा नसेल. ग्रुपवर नाही, त्यांना एकट्यांना. "आज तुमच्या राधूने बाहुलीला झोपवताना अंगाई म्हटली, पूर्ण म्हटली, तुम्ही शिकवली का?" बस एवढंच, वीस सेकंदांचा आवाज. पट तीसचा असला तर रोज एक-दोन घरं, काही अवघड नाही. शाळेतून फोन आला म्हणजे पोरगं पडलं नाहीतर पैसे मागताहेत अशी भीती आपल्याकडे बसलेली आहे, ती अशाने निघते, आणि ती निघाली की आई स्वतःहून पाठवायला लागते.

आता ग्रुपवर विचारायचं काय. माझी कसोटी अशी, प्रश्नाला बरोबर-चूक उत्तर नसलं पाहिजे, काही विकत आणायला लागू नये, मुलाला फोन बघायला लागू नये, आणि घरातलं कोणीही, अगदी न शिकलेली आजीसुद्धा, पाच मिनिटांत उत्तर देऊ शकली पाहिजे. फोन बघायला लागू नये हे मुद्दाम म्हणते, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ ला सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला बसून स्क्रीन बघणं एक तासाच्या वर नको, कमी असेल तितकं चांगलं, आणि आपण बालगीतांचे व्हिडिओ पाठवून तो तास आपल्याच हाताने भरतो. त्याऐवजी विचारा: आज जेवताना कोणाला किती भाकरी, हे पोराला मोजायला लावलं तर तो काय म्हणाला? तूर, मूग आणि ज्वारी मिसळून दिली तर निवडताना त्याने काय केलं? तुमच्या भागात तर केळी आहेत, एका घडाला किती फण्या ते बापाबरोबर मोजून सांगा, म्हणजे बापही आला त्यात. रात्री झोपताना तो कोणती गोष्ट मागतो? अशा प्रश्नांना उत्तरं येतात, कारण सांगायला घरात काहीतरी घडलेलं असतं.

आणि ती उत्तरं आवाजात मागा, लिहून नको. हे एवढं एक केलं तरी ग्रुपचा रंग बदलतो. लिहायचं म्हटलं की लोकांना प्रमाण मराठी आठवते, शाळा आठवते, वेलांटी आठवते. बोलायचं म्हटलं की ते घरच्यासारखे बोलतात. मात्र पहिला आवाज तुमचा असला पाहिजे आणि त्यांच्या भाषेत असला पाहिजे. अहिराणी येत असेल तर सरळ अहिराणीत विचारा, "तुमना पोऱ्या आज काय खेयना?" असं, आणि नसेल येत तर सेविकाताईंना बोलायला सांगा, त्या गावातल्याच असतात. पावरा वस्ती असेल तर पावरीत बोलणारी एखादी मोठी मुलगी, एखादी आई शोधा. एकदा का एखाद्या आईने "आमना पोऱ्यानी आज भाकरी मोज्यात" असं टाकलं आणि त्यावर तुम्ही हसून तिच्याच भाषेत उत्तर दिलं की बाकीच्यांना परवानगी मिळते. लहान मुलाची पहिली समज घरच्या भाषेत होते आणि त्याच पायावर शाळेची मराठी उभी राहते, हे तुम्हाला मी सांगायला नको, पण पालकांना उलटं वाटतं, त्यांना वाटतं घरी अहिराणी बोललं तर पोरगं मागे पडेल. मॅडमच अहिराणीत बोलतात हे ऐकलं की ती शंका भाषण न देता जाते.

यात एक कडी आहे जी बहुतेक शिक्षक विसरतात. घरातून जे आलं ते दुसऱ्या दिवशी वर्गात गेलं पाहिजे आणि वर्गात काय झालं ते परत घरी गेलं पाहिजे. पारोळ्याकडच्या एका शाळेत आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास शिक्षिकेने नुसतं विचारलं होतं की तुमच्याकडे झोक्यावर कोणती गाणी म्हणतात. एका आजीने गौराईचं गाणं गाऊन पाठवलं, आवाज थरथरता, मागे भांड्यांचा आवाज. मॅडमनी ते वर्गात वाजवलं, मुलांनी दोन ओळी पाठ केल्या, आणि मुलांनी म्हटलेलं रेकॉर्ड करून त्याच रात्री ग्रुपवर टाकलं. त्यानंतर त्या ग्रुपवर आज्याच जास्त बोलायला लागल्या, खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी आली, जात्यावरच्या ओव्या आल्या, आणि ज्या सुनांना एरवी फोन मिळत नव्हता त्यांच्या हातात सासूच फोन द्यायला लागली, कारण सासूला ऐकायचं होतं आज शाळेत काय वाजलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपण "पालकांचा सहभाग" म्हणतो तेव्हा बैठकीला किती सह्या झाल्या ते बघतो, पण एखाद्या आजीला असं वाटणं की माझ्याकडे असलेलं काहीतरी शाळेला हवंय, तोच खरा सहभाग.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: फोन कोणाचा ते बघा, घरी जाऊन ओळख करा, एकेकट्या घराला त्यांच्या मुलाचं चांगलं सांगा, मग ग्रुपवर सोपा प्रश्न आवाजात विचारा, आणि आलेलं उत्तर वर्गात वापरून परत दाखवा. क्रम महत्त्वाचा आहे, चौथ्यापासून सुरू केलं तर चालत नाही.

स्थलांतराचं थोडं वेगळं सांगते, कारण खान्देशात ते टाळून चालणार नाही. दिवाळी झाली की नंदुरबार-धुळ्याकडून आणि तुमच्याही पायथ्याच्या गावांमधून घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुकादमाची उचल घेतलेली असते, लेकरं पालावर जातात. शाळेच्या हजेरीत ती मुलं गैरहजर होतात आणि आपण त्यांना ग्रुपमध्ये तसंच विसरतो. खरंतर हाच ग्रुप तेव्हा सगळ्यात कामाचा आहे. जायच्या आधी तो फोन कोणासोबत जाणार ते विचारून ठेवा, शिक्षण हमी कार्ड भरून द्या म्हणजे तिकडच्या शाळेत बसवायला सोपं जातं, आणि आठवड्यातून एकदा वर्गातल्या मुलांनी त्या मुलाचं नाव घेऊन बोललेला आवाज पाठवा. "अरे दिलीप, आपल्या वर्गात मांजरीने पिल्लं दिली." परत आल्यावर जो मुलगा चार महिने कोणाच्या तोंडी नव्हता तो शाळेत पाय ठेवायला लाजतो, आणि ज्याला आठवड्याला हाक गेली तो पहिल्याच दिवशी मांजर बघायला येतो. मार्च-एप्रिलमध्ये कोण परत येईल आणि कोण नाही यात याचा फरक पडलेला मी बघितलाय.

आता भांडण आणि फोटो. फोटोवरून झालेलं भांडण हे बहुतेक असं असतं की एकीचं मूल दिसतंय आणि दुसरीचं नाही, किंवा एखाद्याचे फाटके कपडे दिसले, किंवा घरच्यांना मुलीचा फोटो बाहेर गेलेला चालत नाही. तिन्ही गोष्टी रास्त आहेत, त्या आयांना चुकीचं ठरवू नका. एकट्या मुलाचा चेहरा ग्रुपवर नकोच, हात दाखवा, केलेलं काम दाखवा, मातीचा बैल दाखवा. चेहरा दाखवायचाच तर ज्याचं मूल त्यालाच पाठवा. आणि वर्षाच्या सुरवातीला प्रत्येक घरातून लेखी संमती घ्या, ती घरच्या भाषेत समजावून, नुसता अंगठा उठवून नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पडताळता येईल अशी पालकांची संमती हवी असं म्हटलंय, म्हणजे ही नुसती सभ्यतेची बाब राहिलेली नाही. वरून फोटो मागतात तो अहवाल वेगळा पाठवा, तो पालकांच्या ग्रुपवरून जाऊ देऊ नका.

फोटोइतकंच, उलट त्याहून जास्त, नंबरचं बघा. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक बाईचा नंबर गावातल्या सगळ्या पुरुषांना दिसतो, आणि कितीतरी आया ग्रुपमध्ये येत नाहीत किंवा नवऱ्याचा नंबर देतात त्याचं खरं कारण हे असतं, त्या बोलून दाखवत नाहीत इतकंच. ज्यांना नको असेल त्यांना ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये घ्या, एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, उत्तर फक्त तुम्हाला येतं आणि कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. अट एकच, त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह पाहिजे नाहीतर मेसेज जातच नाही, म्हणून घरी गेल्यावर स्वतःच्या हाताने सेव्ह करून द्या. मी तर बऱ्याच गावात दोन्ही ठेवायला सांगते, सूचनांसाठी ब्रॉडकास्ट आणि गप्पांसाठी ग्रुप.

फॉरवर्डचं तसं सोपं आहे. सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनने लिहायचं असं करता येतं, ते कायमचं करू नका नाहीतर पुन्हा नोटीस बोर्ड, पण दिवसभर बंद आणि संध्याकाळी आठ ते नऊ उघडा असं ठेवलं की सुप्रभातचा प्रश्न आपोआप मिटतो. राजकारण, जातधर्म, विक्री आणि कोणाच्याही मुलाची तक्रार ग्रुपवर नाही, हे चार नियम आवाजात सांगून ठेवा, आणि ते तुम्ही एकटीने नका सांगू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, तर त्यातली एक बोलकी आणि सगळ्यांना धरून असलेली आई ॲडमिन करा. शिक्षिकेने मेसेज काढला की तो अपमान होतो, गावातल्या ताईने काढला की "जाऊ द्या भाऊ" वर मिटतं. तक्रार आलीच तर उत्तर एकच, "मी उद्या तुम्हाला फोन करते", आणि खरंच करायचा.

तुमच्या स्वतःच्या वेळेचंही बोलते, कारण याच्यावरच चांगल्या चांगल्या शिक्षिका थकतात. रात्री नऊनंतर उत्तर देऊ नका, आणि ते पहिल्याच दिवशी सांगून टाका, लोक ऐकतात. सेविकाताईंवर आधीच पोषण ट्रॅकरच्या, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी ॲपच्या नोंदी आहेत, आहार आहे, गृहभेटी आहेत, त्यांच्यावर ग्रुपचं ओझं टाकू नका, त्यांना फक्त आवाज द्यायला सांगा, आणि त्या गृहभेटीला जातील तेव्हा तुम्ही सोबत जा, एकाच चकरेत दोघींचं काम होतं.

हेडसरांशी वाद घालू नका. त्यांची काळजी भांडणाची आहे, ती खरी आहे. त्यांना नियम दाखवा, फोटो बंद केल्याचं सांगा आणि दोन महिने मागून घ्या. दोन महिन्यांनी अंगठे किती आले ते मोजू नका, किती घरांमधून एकदा तरी माणसाचा आवाज आला तेवढं मोजा. निम्म्या घरांतून आला असेल तर तुमचं खूप चांगलं चाललंय असं समजा. ज्या घरांतून नाही आला त्यांची नावं वेगळ्या कागदावर काढा आणि सेविकाताईंना घेऊन त्या घरी जा, वेचणी चालू असेल तर अंधार पडल्यावर जा, त्याआधी घरी कोणी भेटणार नाही. त्या दोघी भांडलेल्या आयांकडे मात्र याच आठवड्यात जा, वेगवेगळ्या वेळी, आणि फोटोबद्दल काही बोलायच्या आधी त्यांच्या लेकरांनी वर्गात काय चांगलं केलं ते सांगा.